लसीचं कार्ड बघितल्याशिवाय मूल सोडू नका

सर्व सभासद डॉक्टरांना नमस्कार.

गाळप हंगाम सुरू आहे. गेल्या आठवड्यात माझ्याकडे ऊसतोड कुटुंबातली दीड वर्षाची पोर खोकल्यासाठी आली. आईनं पिशवीतून चुरगळलेलं कार्ड काढलं, तर १४ आठवड्यांनंतरचे सगळे रकाने कोरे. गोवर-रुबेलाचा एकही डोस नाही! गाव सुटलं की लस सुटते. फडावरून येणाऱ्या प्रत्येक मुलाचं कार्ड आपण मागायलाच हवं, आजार कुठलाही असो.

डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करू नका. जिथं थांबला तिथून पुढं द्या. गोवर-रुबेला ५ वर्षांपर्यंत देता येते. साधी सर्दी हे लस पुढं ढकलायचं कारण नाही, हे आईवडिलांनाही नीट समजावून सांगा. खासगीत परवडत नसेल तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) पाठवा, तिथं लस मोफत आहे.

वजन, उंची आणि लहान बाळांच्या डोक्याचा घेर कार्डावर लिहा. मूल चालतं-बोलतं का, एवढं तरी विचारा.

फ्रिज २ ते ८ अंशांतच हवा, नोंद सकाळ-संध्याकाळ. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवा.