दोन सिलेंडरची हॉर्नेट

प्रिय सुध्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस होऊन गेले. उत्तराला उशीर मी मुद्दाम केला. 'दोन सिलेंडरच्या गाडीला हॉर्नेट म्हणायला यांची जीभ तरी कशी रेटली?' असं तू लिहिलंयस, आणि मी ते वाचत होतो तेव्हा तीच हॉर्नेट खाली उभी होती. म्हणून आधी हे सांगून टाकतो: मी होंडाची नवी हॉर्नेट मोटरसायकल घेतली, ती दोन सिलेंडरची साडेसातशे. तुला न विचारता घेतली, याचं मनाला लागून राहिलंय. पण तुझ्याशी भांडायचं तर गाडी नीट चालवून झाल्यावरच, असं ठरवलं होतं. आता हजार किलोमीटर झाले, पहिली सर्व्हिसिंगही झाली. आता लिहितो.

तुझा राग मला परका नाही रे. तुझ्या जुन्या हॉर्नेट सहाशेच्या मागच्या सीटवर मी किती बसलोय! १९९८ सालचं ते पहिलं मॉडेल, ५९९ सीसी, ओळीत चार सिलेंडर, आणि शेपटीखालून वर आलेला सायलेन्सर. सात हजार आरपीएमपर्यंत (इंजिनचे मिनिटाला सात हजार फेरे) गाडी शहाण्यासारखी चालायची आणि मग एकदम आवाज बदलायचा. बारा हजारांकडे काटा जाताना तू काहीतरी ओरडायचास, ते मला कधी ऐकूच आलं नाही. ती गाडी तू विकलीस त्या दिवशी आपण दोघंही फारसं बोललो नव्हतो. त्या नावाला आता दुसरा कुणी उत्तर देतोय, हे तुला का सलतं ते मला कळतं.

आणि तू एकटा नाहीस. गाडी घेण्याआधी आणि घेतल्यावर जितक्या चालवणाऱ्यांशी बोललो, त्यातल्या जुन्या लोकांचं पहिलं वाक्य हेच असतं: 'चार सिलेंडर असते तर...' ज्यांनी सहाशे कधी चालवलीच नाही, त्यांना हा प्रश्न पडतच नाही. ते विचारतात वजन किती, पाय टेकतात का, कमी आरपीएमलाही ओढते का. लहान गाडीवरून वर येऊ पाहणारी एक मुलगी माझ्या गाडीवर नुसती बसली, दोन्ही पाय जमिनीला टेकले तसा तिचा चेहराच बदलला. सीटची उंची ७९५ मिलिमीटर आणि पेट्रोलसकट वजन १९० किलो, हे आकडे कागदावर वाचून तसं काही होत नाही.

पण मला तुझ्याशी खरं बोलायचंय ते वेगळंच. तुझी सहाशे मुळात काय होती, आठव. होंडाने आपल्या सीबीआर ६०० या स्पोर्ट्स बाइकचं इंजिन घेतलं, कमी आणि मध्यम आरपीएमला जोर मिळेल असं जुळवलं आणि एका साध्या पोलादी फ्रेमवर बसवलं. पुढे साधे फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप, कसलंही अॅडजस्टमेंट नसलेले. फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं आवरण, नाही. चांगलं इंजिन, बाकी काटकसर, म्हणून ती आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली. फोर्क मऊ आहेत ही तक्रार तेव्हाही होती. तूच तेल बदलून, स्प्रिंग बदलून ते घट्ट करून घेतले होतेस, आणि त्या कामाचा तुला केवढा अभिमान होता! हॉर्नेटचं हॉर्नेटपण त्या चार सिलेंडरांत होतं, असं तू म्हणतोस. मला वाटतं ते त्या हिशेबात होतं: जिथे नंतर हात घालता येत नाही तिथे पैसा ओतायचा, आणि जिथे मालक स्वतः काही करू शकतो तिथे वाचवायचा.

नव्या गाडीत तोच हिशेब आहे. इंजिन ७५५ सीसी, ताकद ९२ पीएस, आणि टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ७५ न्यूटन मीटर, तोही ७,२५० आरपीएमला. तुझ्या गाडीचा टॉर्क साधारण ६३ होता आणि त्यासाठी साडेनऊ हजारांच्या आसपास जावं लागायचं. म्हणजे तू ज्या जोरासाठी दोन गियर खाली टाकायचास, तो इथे मनगट जरासं वळवलं की हजर असतो. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात तो, २७० अंशांचा आहे. सरळ सांगायचं तर एक पिस्टन टोकाला क्षणभर थांबतो, त्या वेळी दुसरा जवळजवळ सगळ्यात जास्त वेगात असतो. त्यामुळे पिस्टनच्या थांबण्या-सुटण्याचे झटके एकमेकांना बरेचसे खोडून काढतात आणि हाताला लागतो तो स्फोटाचा जोर. स्फोट समान अंतराने होत नाहीत, आधी २७० अंशांनी आणि मग ४५० अंशांनी, म्हणून आवाज ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखा, म्हणजे 'व्ही' आकारात दोन सिलेंडर असलेल्या इंजिनासारखा, येतो. यामाहाने १९९५ च्या टीआरएक्स ८५० या गाडीत हे करून दाखवलं होतं, आणि २०१४ ची त्यांचीच एमटी-०७ आल्यावर तर या वर्गाची ती रीतच झाली.

आता तू म्हणशील, मग सगळ्या गाड्या सारख्याच. नाहीत, सुध्या. होंडाचं हे इंजिन वर जाताना दम सोडत नाही. व्हॉल्व्ह चालवायची युनिकॅम रचना त्यांनी आपल्या मोटोक्रॉसच्या गाड्यांवरून आणली आहे. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकच, त्यामुळे इंजिनाचा वरचा भाग, हेड, लहान आणि हलका. कारण काहीही असो, सात हजारांनंतर ही गाडी दुसऱ्यांदा जागी होते. पहिल्यांदा ते घडलं तेव्हा मला तूच आठवलास.

सस्पेन्शनबद्दल चालवणाऱ्यांची नाराजी आहे, ती लपवत नाही. जोरात चालवणारे म्हणतात की पुढचा भाग मऊ आहे, जोरात ब्रेक दाबला की नाक खाली जातं. फोर्क शोवा कंपनीचे आहेत, ४१ मिलिमीटरचे, पण त्यांना अॅडजस्टमेंट नाही. २०२५ च्या सुधारित गाडीत सस्पेन्शनचं सेटिंग बदललं गेलं, आणि ज्या चेहऱ्याला सगळ्यांनी नावं ठेवली होती तोही बदलला. दिसण्यावर मी वाद घालणार नाही. पहिला चेहरा मलाही सपकच वाटला होता.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूने लिहितो. तो आवाज नाही. या गाडीचा आवाज भरदार आहे, मला आवडतो, पण चार सिलेंडर जसे वर वर चढत किंचाळायचे तसं इथे काही होत नाही, आणि कुठलाही सायलेन्सर लावून ते व्हायचंही नाही. ते गेलं. त्यासाठी तुला वाईट वाटत असेल तर मी समजूत घालायला येणार नाही, सोबत बसेन.

पुढच्या शनिवारी ये. हेल्मेट आणि तुझे ते जुने ग्लोव्हज घेऊन ये. या वेळी तू पुढे बसशील आणि मी मागे. रायडिंग मोड 'स्टँडर्ड'वर ठेव, 'स्पोर्ट'मध्ये थ्रॉटल फार तिखट आहे, आधी हात बसू दे. पहिली दहा मिनिटं नावाबद्दल बोलायचं नाही. मग रस्ता मोकळा मिळाला की तिसऱ्या गियरमध्ये सात हजारांच्या पुढे ने, आणि तेव्हा जे काही ओरडशील ते जरा मोठ्याने ओरड.

तुझाच,
बाळ्या