किडनी 'डिटॉक्स' करायला निघालेल्यांसाठी

संपादक महोदय, स.न.

परवाच्या आरोग्य पुरवणीत अँटिऑक्सिडंट किडनीला कसे वाचवतात हा लेख वाचला, बरा होता, पण त्याच्याच खाली किडनी साफ करणाऱ्या पावडरची ही मोठी जाहिरात! वाचणाऱ्याने काय समजायचं?

लेखातलं खोटं नाही. दोन्ही किडन्या मिळून साधारण ३०० ग्रॅम, पण हृदय जेवढं रक्त बाहेर फेकतं त्यातलं पाचव्या हिश्शाएवढं तरी त्यांच्यातून जातं, म्हणून जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा कॅन्सरचं सिसप्लॅटिन अशी औषधं तिथल्या बारीक नळ्यांच्या पेशींत साठतात, फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशीला इजा करणारे रेणू, वाढतात आणि त्यांना आवरणारं पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, ग्लुटाथायोन, संपलं की ती मरते. उंदरांना आधी हळदीतलं करक्युमिन दिलं तर नुकसान कमी दिसलंय. पण आपण काय उंदीर आहोत का? अँजिओग्राफीच्या डायपासून किडनी वाचावी म्हणून डॉक्टर लोक एन-असिटाइलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट औषध वर्षानुवर्षं देत होते, २०१८ मध्ये जवळपास ५००० पेशंटांची ट्रायल छापून आली, फायदा काहीच नाही.

आणि इथे इंदुरात सकाळी फिरून आलं की गार्डनबाहेर ज्यूसच्या ठेल्यावर गर्दी, 'किडनी साफ हो जाएगी अंकल' म्हणत तो आवळ्यासोबत कमरखही (स्टारफ्रूट) पिळतो. कमरखात अँटिऑक्सिडंट भरपूर, मान्य, पण मुतखडे करणारं ऑक्झलेटही तितकंच, आणि ज्याची किडनी आधीच कमजोर आहे त्याला त्यातल्या विषाने उचक्या लागण्यापासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. व्हिटॅमिन सी च्या मोठ्या डोसचंही तेच, शरीरात त्याचं ऑक्झलेट बनतं अन् खडे होऊ शकतात.

खरं नुकसान कुठे होतं ते बघा, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक या पेनकिलरची पत्ती कात्रीने कापून चार गोळ्या हातात ठेवतो, वर मे महिन्याचं ऊन, पाणी कमी, बीपीची गोळी चालूच. हेच औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन, किडन्या जाऊन आपली गिधाडं जवळपास संपली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांना मात्र सुट्टे पैसे नसले की टॉफीसारखं मिळतं!

तेव्हा विनंती एवढीच, असल्या पावडरींच्या जाहिराती घ्यायच्याच असतील तर आत काय अन् किती ग्रॅम आहे ते छापायला लावा, आणि उन्हाळ्याआधी पेनकिलरवर एखाद्या नेफ्रॉलॉजिस्टकडून (किडनीच्या डॉक्टरकडून) लेख लिहून घ्या, खाली जाहिरात न लावता.

आपला एक वाचक,
रामबाग, इंदूर