तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. एरवी मी लगेच लिहितो, पण शेवटच्या ओळीत तू सहज विचारल्यासारखं करून विचारलंस, "बाबा गेल्यावर तुला देव सापडला, की होता तोही हरवला?" तिथेच पेन अडलं.

दोन्ही नाही, हे खरं.

शेवटच्या अकरा रात्री मी त्यांच्या उशाशी होतो. एका रात्री त्यांची नखं वाढलेली दिसली म्हणून नेलकटर घेऊन बसलो. अंगठ्याचं नख इतकं जाड की दोनदा कटर घसरला. एक हात झाला, तसा त्यांनी डोळे न उघडताच दुसरा पुढे केला. 'हे सगळं कशासाठी?' हा प्रश्न त्या वीस मिनिटांत मला एकदाही पडला नाही. त्याआधी पडत होता, नंतर तर रोजच.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे उत्तर तयार असायचं. त्याची इच्छा, प्रारब्ध, कर्माचे भोग. हेतू चांगलाच असतो, पण ऐकणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड होतो. मग कुणाच्या तरी आग्रहाने एका ध्यान शिबिराला गेलो. काहीच जाणवलं नाही म्हटल्यावर तिथले मार्गदर्शक म्हणाले, "तुमची श्रद्धा कमी पडते." म्हणजे औषध लागू पडलं नाही की दोष रोग्याचा! चिडून परत आलो आणि वाचत सुटलो.

टॉलस्टॉयचं माहीत आहे ना तुला? पन्नाशी आलेली, नाव, पैसा, मुलंबाळं सगळं हाताशी, दोन थोर कादंबऱ्या लिहून झालेल्या. आणि हा माणूस घरातली दोरी लपवून ठेवतो, कारण एकटा असला की नजर तुळईकडे जाते. बंदूक घेऊन शिकारीला जाणंही त्याने सोडलं. त्याला धीर आला तो विद्वानांमुळे नाही, साध्या शेतकऱ्यांकडे बघून. जगण्याचा अर्थ त्यांना मांडून दाखवता आला नसता, पण जगता येत होतं, मरताही येत होतं. पुढे १९०१ मध्ये रशियन चर्चने त्याला बहिष्कृत केलं, ते वेगळंच रामायण.

बुद्धाची गोष्टही पुन्हा वाचली. मालुंक्यपुत्त नावाचा त्याचा एक भिक्षू हटून बसतो : जग शाश्वत आहे की नाही, मेल्यावर तथागत, म्हणजे बुद्ध झालेला माणूस, उरतो की नाही, सांगा, नाहीतर मी चाललो. बुद्ध म्हणतो, विषारी बाण लागलेला माणूस जर म्हणाला, मारणारा कोण, कुठल्या जातीचा, धनुष्याची दोरी कशाची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, तर तो कळायच्या आधीच मरेल. कॉलेजात मला ही शुद्ध टाळाटाळ वाटायची. आता तशी वाटत नाही. पण बाण काढून झाल्यावरही माणूस विचारणारच ना, मारला कुणी? तिथे माझं त्याच्याशी अजून भांडण आहे. तुकोबा विठ्ठलाशी भांडले, मग मला काय हरकत!

सगळ्यांत जास्त हललो ते मदर तेरेसांच्या पत्रांनी. ती २००७ मध्ये, त्या गेल्यावर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाली. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून देव जाणवतच नव्हता. प्रार्थना कोरडी, चेहऱ्यावरचं हसू म्हणजे पांघरूण. १९७९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हाही आत हाच अंधार. काहींना यात ढोंग दिसलं. मला दिसली पहाटे उठून पुन्हा कामाला लागणारी बाई. ती पत्रं नष्ट व्हावीत अशी त्यांची इच्छा होती. वाचताना चोरी केल्यासारखं वाटलं, तरी वाचली. अनुभव येईल, मग विश्वास बसेल, मग काहीतरी करीन, असा हिशेब मी आजवर मांडत आलो होतो. या बाईंचा क्रमच निराळा निघाला.

रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसतो. काही दिसत नाही, पाय तेवढे बधिर होतात. आठवड्यातून दोनदा एका आजोबांना पेपर वाचून दाखवतो; त्यांची नजर गेली आहे. पहिल्यांदा निधनवार्ता लागतात त्यांना, म्हणे ओळखीचं कुणी सुटलं का ते बघू. परवा मध्येच थांबवून विचारलंन्, "तू देव मानतोस का रे?" म्हटलं, "सांगता येत नाही, आजोबा."

"बरं, मग पुढचं नाव वाच."

तुझाच,
मी