‘हे काम माझं नाही’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं किंवा तुमच्या स्टुडिओचं नाव या पत्रात लिहीत नाही. ‘लिहू का?’ म्हणून विचारलं होतं, तुम्ही ‘नको’ म्हणालात. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितोय. टॅटू काढायला निघालेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणणारे पुण्यात पुष्कळ भेटतात. ‘हे काम माझं नाही, पण ज्याचं आहे त्याच्यापर्यंत तुम्हाला पोचवते’ असं म्हणून खरंच पोचवणारं माणूस मला तुमच्या रूपाने भेटलं, आणि ते चारचौघांत सांगावं असं मनापासून वाटतं.

मी आलो होतो आजोबांचं पोस्टकार्ड घेऊन. १९४९ साली आजी पहिल्या बाळंतपणाला वाईला माहेरी गेली होती, तेव्हा आजोबांनी पुण्याहून तिला टाकाने लिहिलेलं. अख्खं मोडी लिपीत. शेवटी, त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे, ‘लोभ असावा’. पोस्टमनपासून सासऱ्यांपर्यंत कुणीही वाचेल अशा उघड्या कार्डावर नवऱ्याने बायकोला याहून जास्त काय लिहायचं? आजीने ते ट्रंकेच्या तळाशी जपलं होतं. ते दोन शब्द, आजोबांच्याच हस्ताक्षरात, मला डाव्या हातावर हवे होते.

तुमच्याकडे येण्याआधी मी डेक्कन, औंध, कोरेगाव पार्क असा बराच फिरलो होतो. बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर मोडीचा फॉन्ट लावून दाखवला. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आहे, फॉन्ट सहज मिळतात, आणि ही सोय झाली याचा मला आनंदच आहे. पण माझ्या हातावर आजोबांचा हात हवा होता. एका ठिकाणी तर कार्डाकडे धड न बघताच ‘मनगटावर घ्या, अर्ध्या तासात होईल’ असं सांगितलं.

तुम्ही ते कार्ड खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरलंत. मोडी तुम्हाला वाचता येत नव्हती, तरी टाक कुठे दाबला गेलाय, कुठे हलका सुटलाय, कुठे शाई संपत आल्यामुळे रेघ फिकी झालीय हे तुम्ही बोट न टेकवता दाखवत गेलात. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि लेखणी होईल तितकी कमी उचलत तिच्याखाली अक्षरं लिहितात. अक्षर आणि काना एकाच ओघात येतात, हे मी सांगितलं. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि म्हणालात, “मग हे ज्याला एका श्वासात रेघ ओढता येते त्याचं काम आहे. मी पोर्ट्रेट करते. मी शेडिंगवाली आहे. मी केलं तर वाईट होणार नाही, पण ते तुमच्या आजोबांचं राहणार नाही.”

कामात हात बसलेल्या माणसाने आपल्या हाताची हद्द इतक्या स्वच्छपणे सांगितलेली मी कधी ऐकली नव्हती. तुम्हाला ते काम घेता आलं असतं. मी पैसे घेऊन आलो होतो, आणि तिथे बसल्यावर माझी तयारीही झाली होती.

पुढचा तास तुम्ही मला जे शिकवलंत ते मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय. त्यातलं पहिलं म्हणजे आर्टिस्टची पारख. इन्स्टाग्रामवर दिसतो तो टॅटू बहुधा त्याच दिवशीचा, लालसर कातडीवरचा, काळाभोर आणि धारदार. तो बघून काही ठरवायचं नाही. वर्ष-दोन वर्षांपूर्वीच्या, भरून आलेल्या कामाचे फोटो मागायचे, शक्यतो आपल्याला हव्या त्याच प्रकारच्या कामाचे. तुम्ही फोनवर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवलेत. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच सुंदर, वर्षाने एकातली रेघ जागच्या जागी आणि दुसऱ्यातली निळसर पसरलेली. शाई त्वचेच्या वरच्या थरात टिकत नाही, कारण तो थर झडत राहतो. ती खालच्या थरात, साधारण एक-दोन मिलिमीटरवर बसावी लागते. सुई त्याहून खोल गेली की शाई बाजूला फुटते, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते, तिथे हे चटकन होतं.

मग तुम्ही विचारलंत, घरात कुणाचं गोंदण होतं का? आजीचं होतं. हातावर तुळस, लहानपणी जत्रेत गोंदणारीकडून काढलेली. माझ्या फोनमध्ये तिच्या शेवटच्या वर्षांतला एक फोटो होता. त्यातली तुळस तुम्ही मोठी करून दाखवलीत: पानं एकमेकांत मिसळलेली, मधली जागा भरून गेलेली. “सगळ्या रेघा वयानुसार जाड होतात,” तुम्ही म्हणालात. “तुम्ही म्हणताय त्या मापात मोडीच्या या गाठी काही वर्षांत बुजतील. अक्षर मोठं करा, मनगट सोडा, हात कोपराकडे जातो तिथे घ्या.” आजीच्या गोंदणाने आजोबांचं अक्षर वाचवलं, असं मला आजही वाटतं.

माझ्या दंडावरची बीसीजीची खूणही तुम्ही बघितलीत. टोचलं की कातडी फुगून वर येते का, म्हणजे केलॉइडची प्रवृत्ती आहे का, याचा अंदाज घ्यायला. हे त्याआधी कुणीच विचारलं नव्हतं.

ते दिवस पालख्या पुण्यातून पुढे गेल्यानंतरचे होते आणि आमच्या ढोल पथकाचा सराव सुरू व्हायचा होता. मला अर्थातच सगळं लगेच हवं होतं. तुम्ही थांबवलंत. रोज संध्याकाळी घाम, ढोलाच्या कडेला हात घासणार, वरून पाऊस; ताज्या टॅटूसाठी याहून वाईट काळ नाही, विसर्जन होऊन जाऊ द्या. मी नियमित रक्तदान करतो हे कळल्यावर तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत. आपल्याकडच्या रक्तपेढ्यांच्या नियमानुसार टॅटूनंतर बारा महिने रक्त देता येत नाही. “मंडळाच्या शिबिरात आधी देऊन घ्या, मग काही आठवडे जाऊ द्या, मग टॅटू.” गिऱ्हाइकाच्या रक्तदानाचीही काळजी करणारा स्टुडिओ! मी त्याप्रमाणेच केलं. तुमच्यामुळे ती एक पिशवी कुणाच्या तरी कामी आली.

आणि मग तुम्ही मुंबईच्या त्या आर्टिस्टचं नाव दिलंत. नुसतं नाव देऊन सोडलं नाहीत. त्यांना काय पाठवायचं तेही बसून सांगितलंत: कार्ड सपाट ठेवून, शेजारी पट्टी ठेवून काढलेला स्कॅन, म्हणजे मूळ अक्षराचं माप कळेल, हात सैल सोडलेला आणि वळवलेला असे फोटो, टॅटू किती सेंटिमीटर लांब हवा ते, आणि कोणती गोष्ट बदललेली चालणार नाही, ते एका वाक्यात. मी लिहिलं, ‘शेवटच्या काना-रेघेचा फिकटपणा तसाच राहावा.’ शिवाय स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उमटवायचा छाप, बनायच्या आधी मजकूर जाणकाराकडून वाचून घ्या, असा तुमचा आग्रह. “पुण्यात राहता, १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, मोडी वाचणारे तुम्हाला इथे नाही मिळणार तर कुठे?” मला वाचून देणाऱ्या एका काकांनी कार्डाचा प्रत्येक शब्द लावून दिला आणि एक ठिपका अक्षराचा भाग नसून शाईचा थेंब आहे हेही सांगितलं. तो थेंब मी ठेवायला लावला.

हिवाळ्यात मी डेक्कन क्वीनने दादरला गेलो. तुमच्या सूचना खिशात होत्या. पोटभर खाऊन जा, सैल बाह्यांचा शर्ट घाला, पिशवी उजव्या खांद्याला, आदल्या रात्री जागरण नाही. परतीच्या गाडीत दाराशी उभं राहून धक्के खाऊ नका, आरक्षण करूनच जा. आई आदल्या दिवसापर्यंत म्हणत होती की पुण्यात सगळं मिळत असताना एवढ्यासाठी घाट उतरून कशाला जायचं. तुम्ही मला दिलेलं उत्तर मी तिला दिलं: टॅटू जन्मभर राहणार आहे, प्रवास एका दिवसाचा आहे.

तिथे सगळं तुम्ही सांगितल्यासारखंच झालं. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, शाईच्या इवल्या वाट्या नव्या, मशीनला नवं वेष्टण. स्टेन्सिल हातावर लावून मला उभं केलं, हात खाली सोडायला लावला, वळवायला लावला. अक्षर जरा तिरकं वाटलं म्हणून पुसून पुन्हा लावलं. प्रत्यक्ष सुई चालली त्याहून जास्त वेळ या तयारीत गेला. मग त्या माणसाने आधी आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली अक्षरं आणली, आजोबांनी आणली असतील त्याच क्रमाने. हे त्यांना कुणी सांगितलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, पुण्याहून फोन आला होता.

ताई, हा फोन केल्याचं तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. तुमच्या त्या तासाचे पैसेही घेतले नाहीत. ‘काम केलं नाही तर पैसे कसले’ हे तुमचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तुम्ही माझं काम केलंत. सुई दुसऱ्याच्या हातात होती एवढंच.

भरून यायचे दिवस शहाण्यासारखे काढले. कोमट पाणी, खपली ओढायची नाही, पोहायला जायचं नाही, स्कूटरवर फुल बाह्या. उन्हाळ्यात सनस्क्रीन. आता वर्ष उलटून गेलंय. गाठी मोकळ्या आहेत, शेवटची रेघ फिकीच आहे आणि थेंबही जागेवर आहे. आईने परवा स्वतःहून शेजारच्या काकूंना बोलावून दाखवला.

वर्षाने फोटो पाठवा असं तुम्ही म्हणाला होतात. दिवसाउजेडी, फ्लॅश आणि फिल्टरशिवाय काढलेले फोटो या पत्राबरोबर पाठवतोय. भरून आलेलं बारीक रेघेचं काम कसं दिसतं असं कुणी विचारलं तर खुशाल दाखवा. बारा महिने पुरे झाल्यामुळे येत्या रविवारी मी पुन्हा रक्तदानाला जाणार आहे.

आणखी एक. माझ्या मामेबहिणीला तिच्या वडिलांचं पोर्ट्रेट करून घ्यायचं आहे. मामांचा फोटो जुना आहे, कृष्णधवल, चेहऱ्यावर अर्धी सावली. ते काम तुमचंच आहे. तिला मी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे पाठवतोय, मूळ फोटो आणि शेजारी पट्टी ठेवून केलेला स्कॅन घेऊन. या वेळी पैसे घ्यायचे आहेत.

आपला,
मोडीच्या कार्डवाला