टाकाऊ मासळी माडाच्या आळ्यापर्यंत पोहोचू द्या

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बंदरांवरील टाकाऊ मासळीपासून वाडीपुरते खत तयार करण्यासाठी जागा, तपासणी आणि स्पष्ट नियम मिळण्याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

मी रत्नागिरी तालुक्यातील एक बागायतदार आहे. आमची वाडी लहान आहे. साठ माड, त्यांच्या सावलीत पोफळी आणि थोडी काळी मिरी. माझी आजी दर वर्षी मे महिना सरता सरता किनाऱ्यावरून कुटी आणत असे. विकली न गेलेली, वाळू लागलेली, माणसाच्या खाण्यात न येणारी सुकी मासळी म्हणजे आमच्याकडची कुटी. ती खारवलेली असेल तर आजी आधी दोन-तीन पाण्यांतून काढी, कारण मीठ मुळांना सोसत नाही हे तिला पुस्तकावाचून माहीत होते. मग प्रत्येक माडाच्या आळ्यात चर खणून, कुटी टाकून, वर पालापाचोळा आणि मातीचा जाड थर देऊन ती पावसाची वाट पाही. आज कुटीचा बराचसा भाग फिशमीलच्या, म्हणजे मासळीची भुकटी करणाऱ्या, कारखान्यांकडे जातो आणि वाडीतला माणूस रासायनिक खताच्या पोत्यासाठी रांगेत उभा राहतो.

तरीही बंदरावर पुष्कळ मासळी अशी उरते, की जिला कोणीच वाली नसतो. सकाळचा लिलाव आटोपल्यावर डोकी, आतडी, कल्ले, कोळंबीची सोले, बर्फ संपल्यामुळे नरम पडलेली तारली आणि मांदेली यांचे ढीग मागे राहतात. मी पाहते त्या बंदरावर ते दुपारपर्यंत कुत्र्या-कावळ्यांच्या स्वाधीन असतात आणि संध्याकाळी खाडीत लोटले जातात. मासा कापल्यावर त्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा, काही जातींत त्याहूनही जास्त, असा बाजूला पडतो. खाडीच्या तोंडाशी हे सगळे कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि त्याची झळ खाडीत पाग टाकणाऱ्या गरीब मच्छीमाराला सर्वांत आधी लागते.

या ढिगात काय वाया जाते हे कृषी शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांतच नोंदलेले आहे. सुक्या मासळीच्या खतात नत्र ४ ते १० टक्के आणि स्फुरद ३ ते ९ टक्के असते. पालाश मात्र दीड टक्क्याच्या आतच राहते. कोकणातील जांभ्याची माती आम्ल आहे, तिच्यात स्फुरद अडकून पडते आणि आमच्या पावसात नत्र वाहून जाते, त्यामुळे हळूहळू सुटणारे असे खत इथल्या बागेला मानवते. नारळाला सर्वाधिक गरज पालाशाची असते, म्हणून मासळीवर भिस्त ठेवून चालत नाही हेही मान्य करायला हवे. चुलीतली राख आम्ही वेगळी घालतो. ती मासळीच्या पिंपात मिसळली तर अमोनिया उडून जातो आणि नत्र हातचे जाते, हे आम्ही अनुभवातून शिकलो.

गेली पाच वर्षे आमच्या गावातील सात-आठ घरे मिळून द्रवरूप खतही करतो. एक किलो ताज्या टाकाऊ मासळीचे बारीक तुकडे, तेवढाच चिरलेला गूळ, प्लास्टिकचे पिंप आणि सावलीची जागा एवढ्यावर काम भागते. पिंप काठोकाठ भरायचे नाही, झाकण घट्ट आवळायचे नाही, कारण पहिल्या आठवड्यात वायू धरतो. आमच्या पहिल्याच वर्षी आवळलेले झाकण उडाले आणि पडवीभर झालेली घाण काढायला दोन दिवस गेले. गूळ पुरेसा असला की आंबण्याची क्रिया नीट होते आणि तीस-चाळीस दिवसांनी दुर्गंधी जाऊन आंबूस-गोड वास येऊ लागतो. गूळ कमी पडला तर मासळी सडते, अळ्या पडतात आणि शेजारी तक्रार करतात, आणि ती तक्रार रास्त असते. तयार अर्क गाळून, लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर या बेताने आम्ही मिरीवर आणि भाजीच्या रोपांवर फवारतो. केरळात हीच पद्धत कृषी विद्यापीठाच्या सेंद्रिय शेतीच्या शिफारशींत आहे.

अडचण सुरू होते ती हे घराबाहेर नेताना. स्वतःच्या वाडीत वापरण्याला कोणाची आडकाठी नाही. परंतु गावातील मासे विकणाऱ्या बायकांनी गट करून हा अर्क दहा बागायतदारांना द्यायचा म्हटले, की खतांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा १९८५ चा खत नियंत्रण आदेश समोर येतो. २०२१ साली त्या आदेशात जैव-उत्तेजकांचा, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या द्रव्यांचा, वर्ग आला आणि प्रथिनांच्या विघटनातून निघणारी द्रव्ये व अमिनो आम्ले त्यात धरली गेली. पण त्यासाठी लागणाऱ्या क्षेत्रचाचण्या आणि विषारीपणाच्या तपासण्या कारखान्याच्या आवाक्यातल्या आहेत, पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईच्या नव्हेत. आमचा गट विचारणा करायला गेला तेव्हा एका कार्यालयाने हा विषय शेतीचा आहे असे सांगितले आणि दुसऱ्याने मासळीचा. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत केले, आणि म्हणूनच हे पत्र कृषी खात्याऐवजी आपल्याकडे आधी धाडत आहे.

चाचण्या नकोत असे माझे म्हणणे नाही. उलट त्या व्हाव्यात, आणि त्या करणारे हात रत्नागिरीतच आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय शिरगावला आहे आणि त्याच विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र भाट्ये येथे. मिरकरवाडा बंदर दोन्हींपासून काही किलोमीटरवर आहे. आम्ल घालून मासळी टिकवण्याच्या आणि तिचा अर्क पिकावर फवारण्याच्या तंत्रावर कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काम केले आहे आणि तिचे एक केंद्र नवी मुंबईत वाशीला आहे. आपण शब्द टाकलात तर या संस्था मिळून एक प्रमाणित कृती ठरवू शकतील, जिच्यात कोणती मासळी चालेल, कोणती नाही, आम्लता किती वाढली की पिंप उघडावे आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवावी हे स्पष्ट लिहिलेले असेल. केंड माशासारखा विषारी मासा पिंपात जाता कामा नये, असे आम्ही आज आपसांत ठरवतो. ते अधिकृतपणे सांगितले जायला हवे.

येथे एका धोक्याकडे आपले लक्ष वेधणे मला गरजेचे वाटते. खताला किंमत आली म्हणून लहान पिल्ले पकडली जाऊ नयेत. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवला आणि पापलेटला राज्यमासा घोषित केले. बोटभर पापलेटे कुटीत पडलेली मी पाहिली आहेत, आणि ती पाहून वाईट वाटते. त्यामुळे योजना करायचीच तर ती मासे कापताना निघणारा कचरा आणि खराब झालेली मासळी एवढ्यापुरती असावी, पिल्लांना त्यात एक पैसाही भाव मिळू नये आणि बंदरावर येणाऱ्या मालाची नोंद तशी ठेवली जावी. खत कमी झाले तरी चालेल.

प्रत्येक बंदरावर, लिलावाच्या ओट्यापासून थोडी दूर, छप्पर आणि पाण्याची सोय असलेली एक जागा मासे विकणाऱ्या आणि साफ करणाऱ्या महिलांच्या गटांना मिळावी, एवढी पहिली मागणी आहे. दुसरी गुळाची. खाण्याचा गूळ खतासाठी महाग पडतो. स्वस्त पर्याय असलेल्या मळीवर उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण आहे आणि काळ्या गुळाकडे हातभट्टीच्या संशयाने पाहिले जाते, त्यामुळे नोंदणीकृत गटांना ठरावीक प्रमाणात हे मिळण्याची वाट आपल्या खात्याने त्या खात्याशी बोलून काढावी. आणि गटाने तालुक्यातल्या तालुक्यात, तपासणीचा दाखला घेऊन खत दिल्यास त्याला खत नियंत्रण आदेशातून मर्यादित सवलत मिळावी, यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा.

पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि ऑगस्टमध्ये बंदरे पुन्हा भरू लागतात. त्याआधी एखाद्या बंदरावर प्रायोगिक तत्त्वावर एवढे काम सुरू झाले, तर आमचा गट आपली पिंपे, पाच वर्षांच्या नोंदवह्या आणि स्वतःची वाडी चाचणीसाठी द्यायला तयार आहे. आपल्या अधिकाऱ्यांनी कधीही यावे. माड दाखवू आणि पिंपही उघडून दाखवू.

आपली नम्र,
रत्नागिरी तालुक्यातील एक बागायतदार