मागचा ट्रक

पुणे, 22 जून

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "कशी झाली रे ट्रिप?" आणि मी "मस्त" म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. तुला जे सांगायचं होतं ते नेमकं राहूनच गेलं. म्हणून हा कागद. वेळ काढून वाच.

पोरीकडे फ्रान्समधल्या ल्योंला महिनाभर होतो, हे तुला ठाऊक आहे. तिसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, "बाबा, घरात बसून कंटाळाल, चार दिवस सायकल घेऊन जा." भाड्याची सायकल घेतली, मागे दोन्ही बाजूंना झोळ्या लटकवल्या आणि उत्तरेकडे जाणाऱ्या साध्या लोकल गाडीत चढलो. तिथल्या या गाड्यांत सायकल उभी करायला जागा असते. सोन नदीकाठी शालों नावाचं गाव आहे, तिथे उतरलो. तिथून दक्षिणेला माकोंपर्यंत चार दिवसांत आलो. सरळ आलं तर हे सत्तरेक किलोमीटर भरतं, एका दिवसाचं काम. मी चार दिवस लावले आणि अजून दोन मिळाले असते तर तेही लावले असते.

ही वाट म्हणजे पूर्वीची रेल्वे. गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले आणि त्या जागी डांबरी पायवाट केली. जिव्री ते क्ल्युनी हा तिचा पहिला 44 किलोमीटरचा तुकडा 1997 मध्ये खुला झाला. असल्या वाटांना तिकडे 'हिरवी वाट' म्हणतात आणि फ्रान्समधली पहिली ती हीच. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे रेल्वे बांधणाऱ्यांनी सगळा उतार-चढाव आधीच खोदून, भर घालून सारखा करून ठेवलाय. त्याचा फायदा आता आपल्यासारख्या साठीच्या गुडघ्यांना. गिअर बदलायचीही फारशी गरज पडत नाही. मधूनमधून जुनी स्टेशनं लागतात. फलाटाची कड दिसते, घड्याळाची जागा दिसते, आणि खिडकीत कुणाचे तरी कपडे वाळत असतात.

मोटार नाही, म्हणून आवाज नाही. पहिला तासभर मला माझ्या चेनचाच आवाज ऐकू येत होता. मग हळूहळू बाकीचं ऐकू यायला लागलं. मे महिना, गवत कंबरेएवढं. त्यात शारोले जातीच्या गाई. रंग खिल्लारासारखा पांढरा, अंगाने मात्र भरदार. आपण जवळून गेलो की चरायचं थांबवून सगळ्या एकदम माना वर करतात. आणि कुकू! आपल्या पावशाचा भाऊबंदच तो. पावशा 'पेरते व्हा' म्हणत सूर चढवत नेतो, हा दोनच स्वरांवर समाधानी. ब्यूसीपासून सें-जांगूपर्यंत कुठल्या ना कुठल्या झाडीतून तो सोबत होता. मला तुझ्या आजोळचा जूनमधला पहाटेचा ओटा आठवला.

सोमवारी उपास घडला. त्या बाजूला सोमवारी बऱ्याच पावाच्या भट्ट्या बंद असतात आणि दुपारी बारानंतर किराणा दुकानंही दोन तास झोपतात. मी पोचलो साडेबाराला. आदल्या दिवशीच्या पावाचा टोकाकडचा तुकडा उरला होता, तो आणि आईच्या पद्धतीची शेंगदाण्याची चटणी. चर्चच्या सावलीत बसून खाल्लं. एक वाजल्याचा ठोका पडला, आणि मी कान टवकारेपर्यंत दोनेक मिनिटांत तोच ठोका पुन्हा पडला. शेतात काम करणाऱ्याचे पहिल्यांदा मोजायचे राहिले, तर त्याच्यासाठी म्हणे दुसऱ्यांदा. कुणाच्या डोक्यात ही कल्पना पहिल्यांदा आली असेल, त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

पाण्याची युक्ती एका म्हाताऱ्या सायकलवाल्याने सांगितली. गावात पाणी मिळेना तर सरळ स्मशानभूमीत जायचं. फुलझाडांना घालायला तिथे नळ असतोच. पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी लावलेली असते. त्याच माणसाकडून पॉल द व्हिवीचं नाव ऐकलं. जवळच्या सें-एत्येनचा, 1853 ते 1930 हा त्याचा काळ. 1887 मध्ये त्याने सायकलींवरचं मासिक काढलं, शर्यतीसाठी नव्हे तर हिंडण्यासाठी सायकल चालवायची, हे लोकांना शिकवलं, आणि डोंगरात बदलते गिअर हवेत म्हणून आयुष्यभर भांडला. टूर द फ्रान्स या मोठ्या शर्यतीत तसले गिअर वापरायला 1937 साली परवानगी मिळाली, तेव्हा तो जाऊन सात वर्षं झाली होती. त्याने सायकलस्वारांना नियम घालून दिलेत. भूक लागायच्या आत खा, तहान लागायच्या आत प्या, मिरवण्यासाठी पायडल मारू नका. मन्या, 1986 साली वरंध घाट चढताना तू मला हेच बोलत होतास! बिनगिअरच्या सायकली, माझी जीभ बाहेर आलेली, आणि तू दर वळणावर थांबून गूळ-शेंगदाणे हातावर ठेवत होतास. त्या माणसासमोर माझे डोळे भरून आले. त्याला कारण कळलं नसणार.

प्रत्येक गावात, अगदी चाळीस घरांच्या वाडीतसुद्धा, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. मी सगळीकडे थांबून नावं वाचली. एकच आडनाव तीनदा, चारदा. मिलिटरी अपशिंग्याला तू मला दाखवलेला तो स्तंभ, त्याच युद्धात गेलेल्या 46 जणांचा, तो आणि हे दगड एकाच घरातले वाटले.

आता मुख्य गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मी कॉर्मातेंहून हिरवी वाट सोडली आणि साध्या जिल्हा रस्त्याने पूर्वेला शापेझला निघालो. तिथे अकराव्या शतकातलं चर्च आहे, त्याचा उंच दगडी मनोरा शेतातून लांबूनच दिसतो. रस्ता अरुंद, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढा, कडेला गवत. एका वळणावर मागून ट्रकचा आवाज आला. मोठा, डिझेलचा. माझ्या पाठीला घाम फुटला. डोळ्यांपुढे काय आलं ते सांगायला नको, मी त्या रात्री हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसलो होतो. मी हँडल वळवलं आणि तडक गवतात उतरलो, एक पाय खाली टेकून उभा राहिलो.

ट्रक पुढे गेलाच नाही. वळून बघितलं तर वीसेक पावलांवर थांबलेला. हॉर्न नाही, इंजिन फुगवणं नाही. ड्रायव्हरने हाताने खूण केली, 'जा, तू जा.' मी पुन्हा रस्त्यावर आलो, पायडल मारू लागलो, आणि तो माझ्या मागून माझ्याच वेगाने येत राहिला. वळण संपलं, पुढचा रस्ता स्वच्छ दिसला, तेव्हा तो पार दुसऱ्या बाजूला गेला आणि लांबून ओलांडून गेला. जाताना हात वर केला. नंतर पोरीने सांगितलं की गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवूनच ओलांडायचं, असा तिथे कायदा आहे. असेल. पण हात वर करायचा कायदा नसतो ना.

मी पुढे जाऊन एका बांधावर बसलो आणि बराच वेळ रडलो, मन्या. तुला लपवून काय करू? तीन वर्षं मी स्वतःला सांगत होतो की सायकल म्हटलं की एवढी जोखीम आलीच. तू माळ्यावर चढवलेली सायकल बघून मीही गप्प बसलो. त्या वळणावर मला कळलं की ती जोखीम सायकलीची नव्हतीच. तुझ्या मागे जो होता त्याने वीस सेकंद थांबायचं नाकारलं, एवढंच. तू काहीही चुकला नव्हतास. हे तुला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं.

उरलेलं थोडक्यात. ब्रांसियोंचा चढ मी निम्मा हाताने सायकल ढकलत चढलो. तेझेच्या ख्रिस्ती मठात संध्याकाळच्या प्रार्थनेत बसलो. कितीतरी देशांची तरुण पोरं, आणि मध्येच काही मिनिटं सगळे नुसते शांत. क्ल्युनीचा मठ 910 सालचा. तिथलं 1088 मध्ये सुरू झालेलं चर्च 187 मीटर लांब होतं, रोमचं सेंट पीटर बांधून होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं. फ्रेंच क्रांतीनंतर ते विकलं गेलं, दगड काढून नेले, आता एक बाजू आणि मनोरा उभा आहे. मोकळ्या जागेत उभं राहून खांबांचे बुंधे बघताना ते किती मोठं असेल ते पोटात जाणवतं.

क्ल्युनीपुढे ब्वा क्लेरचा बोगदा लागतो, जुन्या रेल्वेचाच, 1.6 किलोमीटर. आत इतका गारवा की मे महिन्यात स्वेटर चढवला. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, वटवाघळांच्या झोपेसाठी, आणि माणसांनी वरून खिंड चढून जायचं. बाहेर आलो तर समोर बेर्झेचा किल्ला, द्राक्षांचे मळे, आणि त्या भागातूनच जाणारी 1981 सालची अतिवेगवान रेल्वे. गाडी दिसली म्हणेपर्यंत गेलीसुद्धा. मी तिथे तासभर बसलो, बकरीच्या दुधाचं इवलंसं चीज संपवलं.

पुढच्या मेमध्ये मला पुन्हा जायचं आहे, तुझ्यासोबत. पासपोर्टची तारीख बघून ठेव. वहिनींशी मी बोलतो, ती जबाबदारी माझी. पण ते नंतरचं.

या रविवारी मी साताऱ्याला येतोय. शनिवारी रात्रीच सायकलसकट पोचतो. पहाटे साडेपाचला, वर्दळ सुरू व्हायच्या आत, घरापासून संगम माहुलीपर्यंत जाऊ, घाटावर चहा घेऊ आणि परत. पाय भरून आला तर वाटेत थांबू, गूळ-शेंगदाणे माझ्याकडे असतील. तू पुढे राहा, मी मागे राहीन.

सायकल माळ्यावरून उतरव. हवा मी आल्यावर भरू.

तुझा,
अवि