बॉनी रेटच्या गुरूंचीही नावं छापायला हवी होती

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन गायिका बॉनी रेटच्या 'निक ऑफ टाइम' या १९८९ च्या अल्बमवरचा लेख वाचला. ब्लूज-रॉक गाणाऱ्या बाईला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालेलं पाहून फार आनंद झाला. लेख कापून वहीत चिकटवलाही आहे. पण मथळ्यातले शब्द दोन दिवस डोक्यातून जाईनात : 'ती आपल्या मुळांकडे परतली'. ही मुळं कुठली आणि कुणाची, हे लेखात कुठेच आलं नाही. म्हणून हे पत्र.

जन्माने पाहिलं तर बॉनीची मुळं ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यात, नाहीतच. वडील जॉन रेट हे ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतले नामवंत गायक-नट, आई पियानो वाजवणारी, घर कॅलिफोर्नियात आणि पंथाने क्वेकर. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत जन्मलेल्या गाण्याशी या गोऱ्या, सुखवस्तू घराचा संबंध नव्हता. तो तिने स्वतः जोडला. १९६७ मध्ये ती अमेरिकेतल्याच केंब्रिजच्या रॅडक्लिफ कॉलेजात गेली. तिथे जुन्या ब्लूज कलावंतांचे कार्यक्रम ठरवणारे डिक वॉटरमन भेटले आणि त्यांच्यामुळे थेट त्या कलावंतांपर्यंत वाट झाली. कॉलेज मागे पडलं. या वडीलधाऱ्यांच्या सोबतीने दौरे करत, त्यांच्या पुढ्यात बसून ती शिकली. आपण याला तालीम म्हणतो.

त्यातले एक फ्रेड मॅकडॉवेल. मिसिसिपीतल्या कोमो गावचे शेतकरी. त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण १९५९ मध्ये झालं, तेव्हा वयाची पन्नाशी उलटलेली. आयुष्यभर शेतात राबायचं आणि शनिवारी रात्री लोकांना नाचवायला वाजवायचं. गिटारच्या तारांवरून सरकवायला ते सुरुवातीला खिशातला चाकू, मग बैलाच्या बरगडीचं हाड वापरत, पुढे बाटलीची काचेची मान. बॉनीही बोटात काचेची नळी घालते, तीही मधल्या बोटात. इतर बहुतेक जण करंगळीत नाहीतर तिच्या शेजारच्या बोटात घालतात.

इथे थोडं घरचं सांगते. माझे वडील हवाईयन गिटार वाजवत. मांडीवर गिटार आडवी घ्यायची आणि पोलादी तुकडा तारांवरून सरकवत भावगीतं काढायची, हा त्यांचा रविवार. १९९० च्या सुमारास मोठ्या भावाने अमेरिकेहून 'निक ऑफ टाइम'ची कॅसेट आणली. वडिलांना इंग्रजी शब्द फारसे कळले नाहीत. पण गिटार सुरू होताच ते म्हणाले, "ही मींड घेतेय बघ." एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या साऱ्या श्रुतींना हात लावून जाणं त्यांनी लगेच ओळखलं होतं. मॅकडॉवेल यांचं नाव मात्र आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते मला फार उशिरा, वडील गेल्यावर कळलं, आणि त्यांना सांगायचं राहून गेलं याची रुखरुख अजून आहे.

दुसऱ्या गुरू सिप्पी वॉलेस. १९२० च्या दशकात गाजलेल्या गायिका, मग कित्येक वर्षं डेट्रॉइटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत राहिलेल्या. बॉनीने १९७१ च्या आपल्या पहिल्याच अल्बममध्ये त्यांची गाणी घेतली, पुढे त्यांना बरोबर घेऊन कार्यक्रम केले. सत्तरी ओलांडलेल्या सिप्पीबाई आणि विशीतली बॉनी एका रंगमंचावर उभ्या राहत. १९८२ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी सिप्पीबाईंचा नवा अल्बम निघाला, त्यामागे बॉनीची खटपट होती. १ नोव्हेंबर १९८६ ला, आपल्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवशी त्या वारल्या.

मधल्या काळात बॉनी भरकटली का? थोडी. १९७४ चा अल्बम ऐकला की कळतं, व्हायोलिनांच्या ताफ्यात तिची गिटार शोधावी लागते. तरी लेखात म्हटल्याप्रमाणे तिने ब्लूज 'सोडला' हे मला पटत नाही. रेकॉर्ड कंपनीला खपणारं गाणं हवं होतं, आणि ते मिळत नाही म्हटल्यावर १९८३ मध्ये कंपनीनेच तिला सोडलं. तयार झालेला अल्बम तीन वर्षं पडून राहिला. १९८७ मध्ये तिने दारू सोडली. नंतर निर्माता डॉन वॉझ भेटला. दोघांनी आधी नुसता तिचा गळा आणि एखादंच वाद्य एवढ्यावर गाणी बसवून पाहिली, बाकी साज मागाहून बेताने चढवला. दहावा अल्बम, वय एकोणचाळीस. शीर्षकगीत तिचं स्वतःचं, वय वाढत जाण्याबद्दलचं. फेब्रुवारी १९९० मध्ये या अल्बमला तीन ग्रॅमी मिळाले, त्याच रात्री ज्येष्ठ ब्लूज गायक जॉन ली हूकर यांच्याबरोबरच्या गाण्याला चौथा. हे सगळं तुमच्या लेखात आलंच आहे.

राहून गेलेली गोष्ट मला याहून मोठी वाटते. अल्बमचं काम ज्या १९८८ मध्ये चाललं होतं, त्याच वर्षी बॉनी एका वेगळ्या कामातही होती. रूथ ब्राउन या गायिकेच्या १९५० च्या दशकातल्या गाण्यांवर अटलांटिक ही रेकॉर्ड कंपनी उभी राहिली. त्याच रूथबाईंना पुढे घरकामं करावी लागली, शाळेची बस चालवावी लागली. मानधनाच्या थकबाकीसाठी त्या वर्षानुवर्षं भांडल्या. त्या लढ्यातून १९८८ मध्ये 'ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन' ही संस्था निघाली. जुन्या कलावंतांना औषधपाण्यासाठी, घरभाड्यासाठी मदत करणारी ही संस्था उभारणाऱ्यांत बॉनी होती. म्हणजे जिच्या हातून काही वर्षांपूर्वीच करार गेला होता, ती इतरांच्या हक्काच्या पैशांसाठी झटत होती. माझ्या लेखी परतणं म्हणतात ते हे. गाण्यातलं परतणं त्याच्याच पोटातून आलं.

मॅकडॉवेल १९७२ मध्ये गेले. त्यांच्या थडग्यावरच्या दगडावर नाव चुकीचं कोरलेलं होतं आणि दगडही मोडला होता. १९९३ मध्ये बॉनीने स्वखर्चाने तिथे नवा दगड बसवला, त्यावर त्यांचं चित्र आहे आणि नाव बरोबर आहे.

माझी विनंती एवढीच. या लेखाची पुरवणी म्हणून एक लहानशी चौकट छापावी. त्यात फ्रेड मॅकडॉवेल, सिप्पी वॉलेस, जॉन ली हूकर आणि रूथ ब्राउन ही चार नावं आणि प्रत्येकाचं ऐकावं असं एक ध्वनिमुद्रण द्यावं. निवड करायला मदत हवी असल्यास मी आनंदाने करीन.

आपली,
एक जुनी वाचक, नाशिक